पाच ग्रॅमचं कापड आणि शंभर किलोचा लॉट

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या डायहाउसमध्ये (कापड रंगवायच्या कारखान्यात) लॅबला लागले तेव्हा माझं केमिस्ट्रीतनं बीएस्सी झालेलं होतं, टायट्रेशन यायचं, मोलॅरिटी-नॉर्मॅलिटी तोंडपाठ होती. तरी सुरुवातीचा बराच काळ मला रंगाला हात लावू दिला नाही, पाणी मोजायला लावलं. साधं डिस्टिल्ड वॉटर. पिपेटनं १० एमएल घ्यायचं, काट्यावरच्या बीकरमध्ये सोडायचं, वजन लिहायचं, परत १० एमएल, परत वजन. आमची लॅब जे सांभाळतात त्यांना सगळे अण्णा म्हणतात, पूर्व भागातले, घरात तेलुगू आणि कामावर आपलं सोलापुरी मराठी. ते म्हणाले, "मशीन, रंगाची शेड, ते सगळं नंतर बघू पोरी. आधी तुझा हात काय बोलतोय ते काट्याला विचारू."

ही पद्धत मला आजही सगळ्यात आवडते कारण त्यात मेट्रिकचा सगळा गाभा आहे. १७९५ ला फ्रान्समध्ये ग्रॅम ठरवला तोच मुळी एक घन सेंटीमीटर पाण्याच्या वजनावरून, आणि एक घन सेंटीमीटर म्हणजेच एक एमएल. म्हणजे लांबी, माप आणि वजन ही तिन्ही एकाच दाव्याला बांधलेली, पट्टीवरून लिटर काढता येतो आणि लिटरवरून किलो. आता किलोची व्याख्या बदलली आहे, २० मे २०१९ पासून ती प्लांकच्या स्थिरांकावर उभी आहे, पॅरिसजवळ ठेवलेला तो धातूचा ठोकळा आता व्याख्येसाठी लागत नाही (आपल्या देशाकडे त्या ठोकळ्याची ५७ नंबरची प्रत आहे, दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत). पण डायहाउसच्या टेबलावर अजूनही पाणीच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरा साक्षीदार आहे.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची, १० एमएल पाणी काट्यावर बरोब्बर १० ग्रॅम भरत नाही. एक एमएलला एक ग्रॅम हे ४ अंश सेल्सिअसला, आणि सोलापुरात ४ अंशाचं पाणी फ्रीजमध्येच. लॅबमधलं पाणी ३० अंशाच्या आसपास असतं, त्याची घनता ०.९९६ च्या जवळ, त्यात हवेची उचल थोडी, म्हणून काट्यावर ९.९५ च्या आसपास दिसतं. अण्णांनी भिंतीवर तापमान आणि घनतेचा तक्ताच चिकटवून ठेवलाय, २० अंशाला ०.९९८, ४० अंशाला ०.९९२, आणि पहिल्या दिवसापासून सवय लावली की आधी थर्मामीटर बघायचा आणि मग काटा. माझ्यासोबत अजून एक ट्रेनी पोरगा होता, त्याचे आकडे ९.८८, १०.०३, ९.९१ असे उड्या मारायचे. सरासरी काढली तर वाईट नाही, पण अण्णा म्हणाले की सरासरीनं टॉवेल रंगत नाही, प्रत्येक टॉवेलला एकदाच पिपेट लागतो. सगळे आकडे ९.९५ भोवती यायला लागले तेव्हाच त्याच्याही हातात रंग दिला.

तो फरक कशाने पडत होता ते जवळून बघण्यासारखं आहे. रबर बल्ब लावून पाणी खुणेच्या थोडं वर ओढायचं (तोंडानं ओढायचं नाही, साधं पाणी असलं तरी नाही, हा लॅबचा पहिला नियम), मग टोक बाहेरून टिश्यूनं पुसायचं, कारण बाहेर चिकटलेला एक थेंब म्हणजे साधारण ०.०५ एमएल आणि तो फुकटचा आत जातो. मग पिपेट उभा धरून खूण डोळ्याच्या रेषेत आणायची, डोळा वर असला तर एक आकडा, खाली असला तर दुसरा. पाण्याचा पृष्ठभाग काचेला कडेनं चढलेला असतो, मधली खोलगट कमान असते, तिचा सगळ्यात खालचा भाग खुणेला टेकला पाहिजे. पण गडद रंगाच्या द्रावणात खालची कमान दिसतच नाही, तिथं वरची कड धरायची, आणि एकदा वरची धरली की शेवटपर्यंत वरचीच. मग टोक बीकरच्या आतल्या भिंतीला टेकवून आपोआप उतरू द्यायचं, उतरून झालं की थोडं थांबायचं. आणि शेवटी टोकात एक बारीक थेंब राहतो तो फुंकायचा नाही. तो पोरगा नेमकं तेच करायचा, कधी फुंकायचा, कधी नाही.

तो थेंब का सोडायचा, तर पिपेटवर "एक्स" लिहिलेलं असतं, म्हणजे त्यातनं जे बाहेर पडतं तेवढंच १० एमएल, आत राहिलेला थेंब धरूनच खूण कोरलेली आहे. स्टँडर्ड फ्लास्कवर "इन" असतं, म्हणजे आत जे मावतं ते १०० एमएल, ओतून काढलं तर थोडं कमीच निघणार कारण काचेला चिकटून राहतं. काचसामानावरच्या ह्या बारीक अक्षरांकडे आम्ही कॉलेजात कधी बघितलंच नव्हतं. तिथंच तापमानही छापलेलं असतं, आपल्याकडच्या बऱ्याच काचेवर २७ अंश, बाहेरच्या काचेवर २० अंश, आणि माप खरं असतं ते त्या तापमानाला.

काट्याचं सांगायचं तर तो पिपेटपेक्षा जास्त नाजूक प्रकरण आहे, निदान सोलापूरच्या उन्हाळ्यात तरी. आमच्याकडे दोन काटे आहेत, एक ०.०१ ग्रॅमचा कापड, मीठ, सोडा तोलायला आणि एक ०.०००१ ग्रॅमचा, काचेच्या पेटीतला, रंग तोलायला. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२ च्या वर गेलेलं असतं आणि रंग तोलताना पंखा बंद करायचा, कारण वाऱ्याच्या झोतानं तिसरा-चौथा आकडा नाचत राहतो. घाम टपटप गळतो पण पंखा बंद म्हणजे बंद. काट्याच्या लेव्हलचा बुडबुडा गोलाच्या मधोमध आहे का ते बघायचं, लाइट जाऊन आली असेल तर काट्याला तापायला अर्धा तास द्यायचा, मग बटर पेपर ठेवून टेअर, म्हणजे आकडा परत शून्यावर. बीकर गरम असेल तर तोलायचाच नाही, गरम बीकरभोवतीची हवा वर चढते आणि वजन कमी दाखवतं. कास्टिक सोड्याच्या फ्लेक्स उघड्यावर ठेवून तोलत बसलं तर डोळ्यादेखत आकडा वाढत जातो, हवेतली ओल पितात त्या, पावसाळ्यात तर जास्तच.

आणि कापड! ह्याचा विचार फार कमी लोक करतात. सुती कापडात नेहमीच पाणी असतं, प्रमाण हवामानात कोरड्या सुतावर ८.५ टक्के धरतात. म्हणजे मे महिन्यात खडखडीत वाळलेलं ५ ग्रॅमचं कापड आणि ऑगस्टमध्ये गोडाउनात ओल धरलेलं ५ ग्रॅमचं कापड ह्यात कापूस सारखा नसतो, आणि रंग तर कापसाला लागतो, पाण्याला नाही. म्हणून आमच्याकडं सँपलचं कापड (मोठ्या लॉटआधी लॅबमध्ये ज्या तुकड्यावर शेड बसवतात ते) तोलायच्या आधी लॅबच्या हवेत तासभर पसरून ठेवतात आणि बल्कचा, म्हणजे मशीनवर जाणारा, लॉट ओलसर वाटला तर तसं शेडकार्डावर लिहितात.

मग रंग हातात आला. एक टक्क्याचा स्टॉक (रंगाचं तयार द्रावण) करायचा म्हणजे १ ग्रॅम रंग आणि एकूण १०० एमएल द्रावण. एकूण हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय, १०० एमएल पाण्यात १ ग्रॅम नव्हे. रंग आधी थोड्या गार पाण्यात कालवून पेस्ट करायचा नाहीतर गाठी होतात, मग गरम पाण्यानं विरघळवायचा, मग सगळा फ्लास्कमध्ये धुवून घ्यायचा, बीकर दोन-तीनदा खंगाळून तेही पाणी आतच, आणि मग गार होऊ द्यायचं. गार झाल्यावरच खुणेपर्यंत पाणी. घाई करून ७० अंशाच्या द्रावणाला खुणेपर्यंत भरलं तर ३० अंशाला आल्यावर ते ९८ एमएलच्या आसपास उरतं, म्हणजे स्टॉक जवळजवळ दोन टक्क्यांनी जास्त कडक झाला, आणि पुढं दिवसभर त्या बाटलीतनं जे जे घ्याल ते सगळं चुकणार, तेही कुणाला न कळता. रिअ‍ॅक्टिव्ह रंग (कापसाशी रिअ‍ॅक्शन होऊन धरणारे) पाण्यात हळूहळू मरतात सुद्धा, पाण्याशीच त्यांची रिअ‍ॅक्शन होते आणि मग ते कापसाला धरत नाहीत, म्हणून स्टॉक रोज ताजा.

आता ज्या रेसिपीनं मला दशमान पद्धतीच्या प्रेमात पाडलं ती सांगते. बदामी रंगाची एक फिकी शेड होती, पिवळा ०.३५ टक्के, लाल ०.०८ टक्के, निळा ०.०१२ टक्के, सगळं कापडाच्या वजनावर. कापड ५ ग्रॅम. सूत्र एकच आहे, कापडाचं वजन गुणिले शेडचा टक्का भागिले स्टॉकचा टक्का, उत्तर एमएलमध्ये. निळ्याचं करून बघा, ५ ग्रॅमचे ०.०१२ टक्के म्हणजे ०.६ मिलिग्रॅम. एवढं आमच्या चांगल्या काट्यावर सुद्धा भरवशानं तोलता येत नाही, पेटीचा दरवाजा लावताना सुद्धा आकडा हलतो. एक टक्क्याच्या स्टॉकमधनं घ्यायचं तर ०.०६ एमएल, म्हणजे जेमतेम एक थेंब, आणि थेंब काही माप नाही. म्हणून स्टॉक दहापट पातळ करायचा, १० एमएल घेऊन १०० एमएल करायचे, ०.१ टक्का झाला, परत तेच केलं की ०.०१ टक्का. आता निळा ६ एमएल घ्यायचाय, पिपेटवर छान वाचता येतो, ०.०३ एमएलची चूक झाली तरी अर्धा टक्का. लाल ०.१ टक्क्यातनं ४ एमएल, पिवळा ०.१ टक्क्यातनं १७.५ एमएल. एमएलआर (कापडाला पाण्याचं प्रमाण) १:२०, म्हणजे एकूण बाथ १०० एमएल, रंगाची द्रावणं मिळून २७.५ एमएल झाली, तर पाणी ७२.५. मीठ ३० जीपीएल म्हणजे ३ ग्रॅम, सोडा अ‍ॅश १० जीपीएल म्हणजे १ ग्रॅम (डायहाउसमध्ये ग्रॅम पर लिटरला सगळे जीपीएलच म्हणतात).

आणि हीच रेसिपी १०० किलोच्या लॉटला न्यायची तर काय करायचं? सगळं वीस हजारपट. १०० किलो कापड, २००० लिटर पाणी, पिवळा ३५० ग्रॅम, लाल ८० ग्रॅम, निळा १२ ग्रॅम, मीठ ६० किलो, सोडा २० किलो. कॅल्क्युलेटर सुद्धा लागत नाही, टिंब सरकवायचं आणि दोननं गुणायचं. ०.६ मिलिग्रॅमपासून ६० किलोपर्यंत एकाच शिडीनं चढता येतं, मधे कुठं पायरी बदलत नाही.

अण्णांचे वडील घरच्या हातमागासाठी सूत रंगवायचे, तेव्हा शेर-तोळे होते. अण्णांनी एकदा दुपारच्या सुट्टीत मला तो हिशोब करून दाखवला. आठ रत्तींचा मासा, बारा माशांचा तोळा, पाच तोळ्यांची छटाक, सोळा छटाकांचा शेर, चाळीस शेरांचा मण. एक मण सुताला ह्याच शेडचा निळा किती? मण म्हणजे ३२०० तोळे, त्याचे ०.०१२ टक्के म्हणजे ०.३८४ तोळा, त्याचे मासे केले की चार आणि वर काहीतरी, त्या "काहीतरी"च्या रत्त्या केल्या की पाचला थोडी कमी. दर पायरीला आकडा वेगळा, आठ, बारा, पाच, सोळा, चाळीस. म्हणून त्या काळचे रंगारी टक्क्यांच्या वाटेला जायचेच नाहीत, सगळं नजरेवर आणि अनुभवावर, आणि ती नजर काय कमी नव्हती, पण ती माणसासोबत जायची. १९५६ ला मापांचा कायदा झाला, १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो-लिटर आले, अण्णा सांगतात की त्यानंतरही बरीच वर्षं त्यांच्या घरी जुनी वजनं फडताळात होती आणि वडील नवा किलो हातात घेऊन "शेरापेक्षा थोडा जड" असं म्हणायचे. बरोबरच आहे, शेर ९३३ ग्रॅमचा.

पण सोलापुरात मेट्रिक सगळीकडे आलंय असं समजू नका. टॉवेलच्या धंद्यात अजून तीन-चार भाषा चालतात. सुताचा काउंट इंग्लिश, वीस नंबर म्हणजे ८४० यार्डांच्या वीस लडी मिळून एक पौंड, त्यामुळं नंबर जेवढा मोठा तेवढं सूत बारीक. टेक्समध्ये सरळ आहे, १००० मीटर सुताचं वजन ग्रॅममध्ये, वीस नंबर म्हणजे साधारण २९.५ टेक्स. एक्स्पोर्टची ऑर्डर येते ती डझनाला पौंडात आणि माप इंचात, तीस बाय साठ, १४ पौंड डझन. मला त्याचं जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) काढून द्यावं लागतं, १४ पौंड म्हणजे ६.३५ किलो, बारानं भागलं की ५२९ ग्रॅमचा एक टॉवेल, क्षेत्रफळ ०.७६२ गुणिले १.५२४ म्हणजे १.१६ चौरस मीटर, तर जीएसएम ४५६. ते खरंच आहे का बघायला गोल कटर आहे, बरोबर १०० चौरस सेंटीमीटरचा तुकडा कापतो, त्याचं वजन शंभरनं गुणलं की जीएसएम. ४.५६ ग्रॅम भरला की झालं. त्या कटरचं डोकं ज्यानं चालवलं त्याला मानलं पाहिजे, गोल तुकड्याचा व्यास ११.२८ सेंटीमीटर असा विचित्र ठेवलाय तो फक्त पुढचा गुणाकार शंभराचा यावा म्हणून.

कास्टिक तर ट्वॅडलमध्येच. अण्णा हायड्रोमीटर (द्रवात तरंगून घनता दाखवणारी काचेची नळी) टाकतात आणि "वीस ट्वॅडल" म्हणतात, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.१० (ट्वॅडलला २०० नं भागायचं आणि त्यात एक मिळवायचा). ह्याला माझी हरकत नाही, कारण हायड्रोमीटर पाहायला सेकंद लागतो आणि जागेवर चालतो. हरकत आहे ती ब्लीचिंगच्या पेरॉक्साइडवर लिहिलेल्या टक्क्यांवर, कारण तिथं फसायला होतं. कॅनवर ५० टक्के असतं ते वजनाला वजन. त्याची घनता १.२ च्या आसपास, म्हणजे एक लिटर कॅन उचलला तर १.२ किलो. रेसिपीत ६ जीपीएल असेल आणि फ्लोअरवर मापानं ओतणार असाल तर लिटरला ५ एमएल पाहिजे, ६ एमएल नाही. २००० लिटरला १२ किलो म्हणजे १० लिटर. जीपीएल लिहिलंय आणि मोजतोय मगानं, तर मधे घनता आलीच पाहिजे. मी आता रेसिपीच्या कागदावर दोन्ही लिहिते, किलो आणि लिटर, म्हणजे रात्रपाळीला कुणी विचारत बसायला नको.

पाण्याचं वेगळंच आहे. टँकर, बोअर आणि पाइपलाइनचं पाणी असं जे मिळेल ते वापरावं लागतं आणि तिघांची हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं प्रमाण) वेगळी. सोडा पडला की हार्ड पाण्यात कॅल्शियमचा गाळ बसतो, रंग डागाळतो, म्हणून रोज सकाळी आधी टायट्रेशन. २५ एमएल पाणी, अमोनिया बफर टाकून पीएच १० ला न्यायचा, एरिओक्रोम ब्लॅक टी चे दोन थेंब, वाइन रेड रंग येतो. ब्युरेटमध्ये ०.०१ मोलर ईडीटीए, म्हणजे तेच क्षार पकडून ठेवणारं रसायन (लिटरला ३.७२ ग्रॅम डायसोडियम मीठ). ब्युरेट आधी त्याच द्रावणानं खंगाळायची, नळाखाली टोकात हवेचा बुडबुडा अडकला असेल तर तो सोडून द्यायचा कारण मधेच सुटला तर तेवढे एमएल खोटे लागतात, वरची फनेल काढून ठेवायची कारण तिच्यातनं एखादा थेंब नंतर पडतो. मग डाव्या हातानं नळ, उजव्या हातानं फ्लास्क गोल फिरवत राहायचं, खाली पांढरी टाइल. रंग जांभळट दिसायला लागला की थेंबाथेंबानं, आणि शेवटी अर्धा थेंब, टोकाला लटकलेला थेंब काचेला टेकवून वॉश बॉटलनं आत ढकलायचा. लालसर छटा पूर्ण जाऊन स्वच्छ निळा झाला की थांबायचं. ब्युरेटवर रेघा ०.१ एमएलच्या, त्यामधली अर्धी रेघ नजरेनं, म्हणून आकडा १४.२० किंवा १४.२५ असा लिहायचा, नुसतं १४ नाही. एका बोअरच्या पाण्याला १४.२० लागले. २५ एमएल सँपल असलं की ४० नं गुणायचं, ५६८ मिलिग्रॅम पर लिटर. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात २०० चांगलं आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात, म्हणजे हे पाणी पिऊन माणूस राहील पण बदामी टॉवेल रंगवायला नको. सॉफ्टनरमधनं काढल्याशिवाय ते मशीनला द्यायचं नाही हे त्या आकड्यामुळं मला ठामपणे सांगता आलं.

आणि मग ती बदामी शेडच परत आली, रिपीट ऑर्डर. लॅबमध्ये हुबेहूब बसली, बल्कमध्ये फिकी आणि थोडी पिवळसर निघाली. साहजिकच पहिला संशय लॅबवर. अण्णांनी काटा, पिपेट सगळं पाण्यानं तपासून काढलं, सगळं बरोबर. मग ते म्हणाले, "चल, आता मशीनलाच मोजू."

विंच मशीनला (कापड फिरवत रंगवायची मोठी टाकी) पाण्याची पातळी बघायला काचेची नळी होती आणि तिच्यावर कुणीतरी कधीतरी पेंटनं "२०००" अशी रेघ मारलेली. पट्टीनं लांबी-रुंदी मोजून लिटर काढावेत तर विंचची मागची भिंत तिरकी असते, खाली अरुंद वर रुंद, एक सेंटीमीटर पाणी वर चढलं की किती लिटर वाढले हे प्रत्येक उंचीला वेगळं. म्हणून आम्ही उलट्या बाजूनं गेलो. कापड तोलायच्या मोठ्या काट्यावर रिकामा ड्रम ठेवून टेअर केला, १९९ किलो भरेपर्यंत पाणी भरलं (३० अंशाला २०० लिटर पाणी तेवढंच भरतं), पाणी थांबलं तिथं ड्रमला आतून खूण केली. मग तो ड्रम एक-एक करत मशीनमध्ये रिकामा करायचा आणि नळीवर नवी रेघ. पाणी पूर्ण शांत होऊ द्यायचं, डोळा रेघेच्या पातळीत, पिपेटचेच सगळे नियम, फक्त पिपेट दोनशे लिटरचा. दहा ड्रम झाले आणि पाणी जुन्या "२०००" च्या रेघेच्या बरंच खाली. त्या रेघेपर्यंत जायला अजून दोन ड्रम लागले. म्हणजे प्रत्येक वेळी २४०० लिटर भरलं जात होतं आणि मीठ-सोडा २००० चा. ६० किलो मीठ २४०० लिटरमध्ये म्हणजे २५ जीपीएल, २० किलो सोडा म्हणजे ८.३. मीठ कमी पडलं की रंग पाण्यातच राहतो, कापडावर कमी चढतो, आणि तिन्ही रंगांना त्याचा फटका सारखा बसत नाही, म्हणून नुसती फिकी नाही तर झुकलेली शेड.

तिथला ऑपरेटर मामा शेजारी उभा राहून सगळं बघत होता. तो कित्येक वर्षं त्याच रेघेवर चालत होता, त्याची काहीच चूक नाही, रेघ त्याला दिली होती तशी त्यानं पाळली. नव्या रेघा त्यानंच मारल्या, पितळी पट्टीवर पंच करून, दर २०० लिटरला एक. पुढचा लॉट त्याच पट्टीवर घेतला, पार्टीनं शेड पास केली.

आता थर्मामीटर काढलेत. पॅनेलवर ६० दाखवतं तेव्हा आत खरंच ६० असतं का, हे बघायचंय. एक टोक सोपं आहे, कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी, तिथं शून्य आलं पाहिजे. दुसऱ्या टोकाला उकळत्या पाण्यात ९८.५ च्या आसपास आलं की नवीन पोरं थर्मामीटर खराब म्हणून बाजूला ठेवतात, पण सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे, हवेचा दाब तेवढा कमी, पाणी आपल्याकडं शंभराच्या आधीच उकळतं. १०० दाखवणारा थर्मामीटर आला तर तो मी बाजूला काढणार आहे. तुमच्यापैकी कुणी विंचच्या आतलं तापमान दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी मोजलं असेल, वाफेच्या पाइपजवळ आणि समोरच्या बाजूला, तर किती फरक आला ते सांगा, मला पुढच्या आठवड्यात तेच करायचंय.